महाराष्ट्राच्या राजमुद्रेतील तिसरा चरण

राज्याची अधिकृत चिन्हे बहुतांशी मुकी असतात. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर शेकरू, हरियाल, आंबा आणि ताम्हण ही राज्यचिन्हे निसर्गातून उचललेली आहेत आणि त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार प्राणिशास्त्राचा व वनस्पतिशास्त्राचा आहे. २०२३ साली स्वीकारण्यात आलेले राज्यगीत वगळले, तर राज्याच्या वतीने पूर्ण वाक्य उच्चारणारे चिन्ह एकच उरते, ते म्हणजे राज्याची मुद्रा. समईचे चित्र आणि संस्कृत अनुष्टुभातील एक श्लोक असे तिचे स्वरूप आहे. हा श्लोक असंख्य शासकीय कागदांच्या माथ्यावर छापला जातो, अनेकांना तो मुखोद्गतही असतो. आणि नेमक्या याच कारणाने तो क्वचितच वाचला जातो. येथे तो पुन्हा उतरून घेण्याचे प्रयोजन नाही. प्रयोजन आहे ते त्यातील एका चरणाकडे लक्ष वेधण्याचे.

श्लोकाचे चार चरण आहेत. त्यांपैकी पहिला, दुसरा आणि चौथा हे तीन चरण शिवाजी महाराजांच्या मुद्रेतून जसेच्या तसे आलेले आहेत. बदलला आहे तो केवळ तिसरा. मूळ मुद्रेत या ठिकाणी शहाजीचा पुत्र जो शिव त्याची ‘ही’ मुद्रा, असा निर्देश होता. राज्याच्या मुद्रेत ‘महाराष्ट्र’ आणि ‘राज्य’ हे दोन शब्द षष्ठी विभक्तीत येऊन बसले आहेत. या फेरफाराकडे दोन तऱ्हांनी पाहिले जाते. एका पक्षाला हा फेरफार जाणवतच नाही. मुद्रा महाराजांचीच आहे अशी त्याची समजूत असते. दुसऱ्या पक्षाला तो जाणवतो तेव्हा तो अपराधासारखा वाटतो. ज्याचे वचन त्याचेच नाव खोडून टाकले, असा त्याचा आक्षेप असतो. दोन्ही पक्ष भावनेपाशी थांबतात. या जागी बदल करण्याची परंपरा होती काय, बदल करताना काय साधले आणि काय निसटले, हा भाषेचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर भाषेतच शोधावे लागते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर विदर्भातील वाकाटकांच्या ताम्रपटांत सापडते. दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटांना जोडलेल्या मुद्रांवर एक अनुष्टुभ कोरलेला आढळतो. वासुदेव विष्णु मिराशी यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वाकाटक लेखांच्या संग्रहात हे ताम्रपट संपादित केले आहेत. या श्लोकाच्या पूर्वार्धात वाकाटक कुळाचे भूषण असलेला, क्रमाने राज्यलक्ष्मी प्राप्त झालेला, अशी विशेषणे षष्ठीत येतात. तिसऱ्या चरणात राजा प्रवरसेनाचे नाव षष्ठीत येते. आणि चौथ्या चरणात ‘शासन’ हे ‘रिपुशासन’ आहे, म्हणजे ही राजाज्ञा शत्रूंना दंड करणारी आहे, असे यमकयुक्त विधान येते. आता प्रवरसेनाची माता प्रभावतीगुप्ता हिच्या पुणे ताम्रपटाची मुद्रा पाहावी. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही कन्या अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्यकारभार पाहत होती. तिच्या मुद्रेतील पूर्वार्ध तोच, चौथा चरण तोच. तिसऱ्या चरणात मात्र राजाच्या नावाऐवजी ‘युवराजाची जननी’ असा निर्देश षष्ठीत आलेला आहे. एका व्यक्तीच्या जागी दुसरी आली तेव्हा अख्खा श्लोक नव्याने रचण्याची गरज कोणाला भासली नाही. एक चरण काढला आणि त्याच मापाचा दुसरा बसवला.

इसवी सनाच्या पाचव्या शतकातील या दोन मुद्रा शेजारी ठेवल्या म्हणजे मुद्रालेखाच्या प्रकाराविषयी एक गोष्ट स्पष्ट होते. मुद्राश्लोक ही एक चौकट असते. चौथ्या चरणात मुद्रेविषयी किंवा शासनाविषयी विधान असते आणि तिसरा चरण ही धन्याच्या नावाची खोबण असते. खोबणीत काय बसवायचे ते धनी बदलेल तसे बदलते. तेव्हा महाराष्ट्र राज्याच्या मुद्रेत तिसराच चरण बदलला गेला, हे श्लोक बदलणाऱ्याच्या जाणतेपणाचे लक्षण समजावे लागते. हा बदल परंपरेचा भंग करीत नाही. परंपरेत जी जागा बदलासाठी मोकळी ठेवलेली असे, तीच येथे वापरली आहे.

बसवलेला चरण मापातही चोख आहे. अनुष्टुभाच्या विषम चरणात पाचवे अक्षर लघु आणि सहावे व सातवे गुरु असावे असा संकेत आहे. ‘महाराष्ट्र’ या शब्दाच्या षष्ठीच्या रूपाची पाच अक्षरे आणि ‘राज्य’ या शब्दाच्या षष्ठीच्या रूपाची तीन अशी आठ अक्षरे होतात. त्यांपैकी पाचवे लघुच आहे, पुढील दोन जोडाक्षरांमुळे गुरु झाली आहेत. म्हणजे मुद्दाम ओढाताण न करता राज्याचे घटनात्मक नाव वृत्तात अचूक बसते. याहून मोठी प्राप्ती नादाची आहे. संस्कृत व्युत्पत्तीच्या परंपरेनुसार ‘राष्ट्र’ आणि ‘राज्य’ हे दोन्ही शब्द ‘राज्’ या धातूशी जोडलेले आहेत आणि श्लोकाचे क्रियापद ‘राजते’ हे त्याच धातूचे रूप आहे. मूळ श्लोकात हा धातू अखेरीस एकदाच येत होता; नव्या श्लोकाच्या उत्तरार्धात तो तीनदा वाजतो. प्रकाशणे आणि सत्ता चालवणे हे ‘राज्’चे दोन्ही अर्थ त्यामुळे एकमेकांजवळ येतात. चित्रातील समईशीही या क्रियापदाचे नाते जुळते. मात्र चित्राचा संबंध तेवढ्यावरच संपतो, कारण समईची ज्योत प्रकाशते पण कलेकलेने वाढत नाही आणि श्लोकाचा सारा भर वाढण्यावर आहे.

आता निसटले काय ते पाहावयाचे.

मूळ चरणाचा पहिला घटक ‘शाह’ हा आहे. संस्कृत श्लोकात संस्कृत षष्ठी घेऊन, ‘सूनु’ या शब्दाशी समास करून बसलेला हा शब्द फारसी आहे. शहाजी आणि शरीफजी ही भोसले बंधूंची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराच्या नावावरून ठेवली गेली, अशी परंपरा आहे. स्वतः शहाजीराजांच्या पत्रांवर फारसी शिक्के आढळतात आणि जिजाबाईंचा शिक्काही फारसीत आहे. १६४६ सालच्या, रांझे गावच्या पाटलासंबंधीच्या प्रसिद्ध पत्रावर जी मुद्रा दिसते ती संस्कृतात आहे. एका पिढीत घराण्याच्या मुद्रेची भाषा पालटली. परंतु पालटलेल्या भाषेतही पित्याचे नाव फारसी तेच राहिले आणि पाणिनीच्या व्याकरणाने त्याला निमूटपणे आपल्या पंक्तीत घेतले. पुढे राज्याभिषेकानंतर रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून जो राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला गेला त्यात सुमारे १,४०० कारभारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा उद्योग आहे. त्या कोशाच्या कितीतरी आधीची ही मुद्रा भाषांच्या सरमिसळीची अधिक प्रांजळ साक्ष देते. तिसरा चरण बदलला तेव्हा श्लोकातील हा एकुलता एक फारसी शब्द गेला. तो कोणी हेतुपुरस्सर काढला असे मानण्याचे कारण नाही. नाव गेले तसे तेही गेले. तरीही परिणाम असा झाला आहे की विसाव्या शतकातील मुद्रा ही सतराव्या शतकातील मुद्रेपेक्षा अधिक शुद्ध संस्कृत आहे, आणि दख्खनचा इतिहास त्या मानाने तिच्यातून कमी ऐकू येतो.

दुसरे नुकसान काव्याचे आहे आणि ते अधिक खोल आहे. पहिल्या चरणातील उपमान चंद्रलेखा आहे. चंद्रलेखा ज्याच्या मस्तकी असते तो शिव, आणि तिसऱ्या चरणात जे नाव येत होते तेही शिव. उपमा मुद्रेला दिलेली असली तरी तिचे मूळ धन्याच्या नावात होते. शिवाची मुद्रा चंद्रकोरीसारखी असणे हे स्वाभाविक, कारण कोर हे शिवाचेच भूषण. पुढे चौथ्या चरणात ‘भद्र’ येते. अमरकोशात ‘शिव’ आणि ‘भद्र’ हे एकाच पंक्तीत बसणारे पर्याय आहेत. दोहोंचा अर्थ कल्याण. म्हणजे शिवाची मुद्रा शिवासाठी, कल्याणाच्या धन्याची मुद्रा कल्याणासाठी, असा दुसरा धागा नावातून निघून चौथ्या चरणात गुंफला गेला होता. एका दोन अक्षरी नावाने श्लोकाची दोन टोके बांधून ठेवली होती. वाकाटकांच्या मुद्राश्लोकात नावाची खोबण खरोखरच रिकामी होती. कोणतेही नाव तेथे सारखेच शोभले असते. शिवाजी महाराजांची मुद्रा रचणाऱ्या पंडिताने मात्र चौकट परंपरेची घेऊन खोबणीतील नावाला सबंध श्लोकभर प्रतिध्वनी दिला. म्हणून त्या मुद्रेतील तिसरा चरण काढता येण्याजोगा असूनही काढण्याजोगा नव्हता. नव्या श्लोकात चंद्रलेखा आहे पण ती कोणाच्या मस्तकी नाही. भद्र आहे पण त्याचा पर्याय सांगणारे नाव नाही. ‘राज्’ धातूची जी नादमय पुनरुक्ती मिळाली ती या हानीची भरपाई करण्यास अपुरी आहे, असेच म्हणावे लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत लहान, एका सर्वनामाची. मूळ चरणाच्या शेवटी ‘एषा’ हा शब्द होता. नव्या चरणात त्याला जागा मिळाली नाही. दर्शक सर्वनामाचे वैशिष्ट्य असे की त्याचा अर्थ कोशात सापडत नाही, तो उच्चाराच्या स्थळी ठरतो. ‘ही मुद्रा’ असे म्हणणारे वाक्य कागदावरील त्या विवक्षित ठशाकडे बोट दाखवते. संस्कृत वैयाकरणांनी ‘इदम्’ आणि ‘एतद्’ यांत भेद केला आहे आणि अगदी जवळच्या वस्तूसाठी ‘एतद्’ सांगितले आहे. ‘एषा’ हे त्याचेच रूप. पत्र हातात घेणाऱ्या पाटलाला वा देशमुखाला ते सांगत असे की जी तुझ्या डोळ्यांसमोर उमटली आहे तीच शिवाची मुद्रा. सर्वनाम गेल्यावर वाक्याचा प्रकारच बदलला. महाराष्ट्राच्या राज्याची मुद्रा कल्याणासाठी शोभते, हे एक सर्वसाधारण विधान झाले. ते मुद्रेविषयी बोलते, मुद्रा म्हणून बोलत नाही.

येथे कोणी म्हणेल की दर्शक सर्वनाम सर्वच मुद्रांत नसते. ते खरे आहे. वाकाटक मुद्रांत ते नाही. संभाजीराजांच्या मुद्रेतही नाही. तेथे मुद्रेला आकाशाची उपमा दिली आहे आणि जिच्या आश्रयाला असलेली लेखा कोणावर चालत नाही, असा प्रश्न उत्तरार्धात विचारला आहे. परंतु या प्रत्येक ठिकाणी षष्ठीत एक जिवंत व्यक्ती आहे. तिचे नाव अथवा नाते सांगितलेले आहे. राजारामाच्या मुद्रेत नावही आहे आणि ‘इयम्’ही आहे. महाराष्ट्र राज्याच्या मुद्रेत व्यक्तीही नाही आणि दर्शकही नाही. लोकसत्ताक व्यवस्थेत व्यक्तीचे नाव असू नये हे योग्यच; पण त्याच कारणाने सर्वनामाची गरज वाढली होती. ‘राज्य’ हा शब्द गाळून त्या जागी ‘खलु एषा’ हे संधी करून घातले असते तरी वृत्ताला बाध आला नसता. ‘खलु’ हे पादपूरण झाले असते, हे मान्य. तथापि पादपूरणाची निंदा करणाऱ्यांनी अनुष्टुभात एकही ‘तु’ वा ‘हि’ शिल्लक ठेवू नये.

‘राज्य’ ठेवण्यामागील विचारही दुर्लक्षण्यासारखा नाही. ‘महाराष्ट्र’ हे शतकानुशतके एका प्रदेशाचे आणि भाषिक समाजाचे नाव होते. १ मे १९६० रोजी ते एका राज्याचे नाव झाले. संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदात भारताला राज्यांचा संघ म्हटले आहे, आणि मुद्रेतील ‘राज्य’ हा शब्द त्या अर्थाचा आहे. संस्कृतात ‘राज्य’ म्हणजे राजाचा भाव वा राजाचे कर्म. राजा गेल्यानंतरही शब्द टिकला आणि संघाच्या घटकाचा वाचक झाला. त्यातून एक गमतीची स्थिती उद्भवली आहे. ज्याच्या नावातच महान राष्ट्र आहे ते एका राष्ट्राचे राज्य आहे. व्याकरणदृष्ट्याही दोन षष्ठ्यांचा संबंध संदिग्ध आहे: महाराष्ट्र नावाच्या राज्याची मुद्रा, की महाराष्ट्राच्या मालकीचे जे राज्य त्याची मुद्रा? पहिला अर्थ प्रशासनाचा, दुसरा लोकांचा. श्लोक दोन्ही होऊ देतो, आणि ही संदिग्धता दोष मानण्याचे कारण नाही.

याउलट, या श्लोकाचा जो अर्थ सर्वत्र सांगितला जातो त्यात मात्र दोष आहेत. प्रतिपदेच्या चंद्राप्रमाणे महाराष्ट्राचे वैभव वाढत जाईल, साऱ्या विश्वाला ते वंद्य होईल आणि लोकांच्या कल्याणासाठीच ते शोभेल, असा त्याचा मथितार्थ दिला जातो. या अर्थाला श्लोकातील एकाही पदाचा पूर्ण आधार नाही. ‘वैभव’ हा शब्द श्लोकात कोठेच नाही. ‘वर्धिष्णु’ आणि ‘विश्ववंदिता’ ही दोन्ही विशेषणे स्त्रीलिंगी एकवचनी असून ती ‘मुद्रा’ या विशेष्याकडे जातात. ‘महाराष्ट्र’ षष्ठीत असल्याने वाक्याचा कर्ता होऊ शकत नाही. भविष्यकाळही नाही, ‘राजते’ हा वर्तमानकाळ आहे. ‘वर्धिष्णु’ या शब्दात तर काळच नाही. पाणिनीने ‘वृध्’ आदी धातूंना जो ‘इष्णुच्’ प्रत्यय सांगितला तो शील, धर्म किंवा कौशल्य दाखवण्यासाठी. वर्धिष्णु म्हणजे वाढेल ती नव्हे. वाढणे हा जिचा स्वभाव आहे ती. मुद्रेने भाकीत केलेले नाही. आपला स्वभाव सांगितला आहे, आणि स्वभाव सांगणाऱ्याला प्रत्येक दिवशी त्याचा पडताळा द्यावा लागतो. भाकीत करणाऱ्यावर ती जबाबदारी येत नाही.

‘लोकांच्या’ हा शब्दही अनुवादकाची भर आहे. ‘भद्राय’ ही तादर्थ्य चतुर्थी. भद्र कोणाचे ते श्लोकाने सांगितलेले नाही. राजाच्या मुद्रेत हे मौन फारसे खटकत नव्हते, कारण मुद्रा राजाची आणि भद्र प्रजेचे ही विभागणी कोणाच्याही मनात आपोआप होत असे. राज्य जेव्हा लोकांचेच म्हटले जाते तेव्हा मुद्रेचा धनी आणि भद्राचा धनी एकच ठरतो, आणि तरीही कागद देणारा व घेणारा हे टेबलाच्या दोन बाजूंना असतात. हा नवा प्रश्न तिसऱ्या चरणाच्या बदलाने निर्माण केला. अनुवादकाने ‘लोकांच्या’ हा शब्द घालून तो मिटवून टाकला आहे. श्लोक मात्र तो उघडाच ठेवतो. वाकाटकांच्या ‘शासन’ या शब्दाशी येथे तुलना उद्बोधक होईल. त्यांची मुद्रा शत्रूला दंड करण्याची गोष्ट बोलते. मराठीत हाच शब्द आज सरकारचा वाचक आहे आणि शिक्षेचाही. ‘महाराष्ट्र शासन’ या दोन शब्दांखाली जी मुद्रा छापली जाते तिने ‘भद्र’ हा शब्द उच्चारावा, यात पंधरा शतकांचे अंतर आहे.

प्रतिपदेविषयीही थोडे थांबणे इष्ट आहे. मराठी माणूस वाढत्या गोष्टीला बीजेच्या चंद्राची उपमा देतो, कारण कोर डोळ्यांना दिसते ती सामान्यतः द्वितीयेला. शुद्ध प्रतिपदेची कला सूर्यापाठोपाठ मावळते आणि बहुधा दिसत नाही. श्लोककर्त्याने दिसणारी बीज सोडून न दिसणारी प्रतिपदा घेतली. १६४६ साली पुणे परगण्यात जे काही उभे राहत होते त्याला ही उपमा अक्षरशः लागू पडते. आदिलशाही दरबाराला ती कोर अजून दिसलेली नव्हती. आणि तरीही तिला विश्ववंदिता म्हणण्याचे धाडस त्या दुसऱ्या चरणात आहे. नवचंद्राला वंदन करण्याचा आचार जुना असल्याने हे विशेषण उपमानालाही लागू पडते आणि उपमेयालाही. वाढणे व वंद्य असणे हे दोन साधारण धर्म सांगून उपमा पूर्ण होते. शाहू छत्रपतींच्या मुद्रेत ‘वर्धिष्णु’ हा शब्द पुन्हा आला, पण तेथे उपमान वामनाच्या मूर्तीचे आहे, ज्याचे वाढणे एका क्षणात होते आणि पराक्रमाचे असते. कलेकलेने, दिसण्याआधीपासून वाढण्याची कल्पना पहिल्याच मुद्रेची. ती महाराष्ट्र राज्याने जशीच्या तशी घेतली आहे. सवाल इतकाच की प्रतिपदा ही एकदाच येणारी तिथी नाही. कायमच्या चिन्हात ती कोरली म्हणजे राज्याला दरवेळी आरंभापाशी उभे केले जाते.

जुने वचन राज्यचिन्हात घेण्याच्या इतरही रीती आहेत. भारताच्या राजचिन्हात, जे २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारण्यात आले, सारनाथच्या सिंहशीर्षाखाली ‘सत्यमेव जयते’ हे मुंडकोपनिषदातील शब्द आहेत. मूळ स्तंभशीर्षावर ते नाहीत. शिल्प एका परंपरेतून व वचन दुसऱ्या परंपरेतून घेऊन ते जोडले आहेत. तेथे वचनात फेरफार केलेला नाही, फक्त ते तोडले आहे; अनृताविषयीचा पुढील अंश सोडून दिला आहे. मजा अशी की तेथेही वचनात मालक नाही आणि शंकराचार्यांच्या भाष्याला तो पुरवावा लागला: सत्य म्हणजे सत्यवान मनुष्य जिंकतो. नौदलाच्या २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत अनावरण झालेल्या ध्वजात तिसरी रीत दिसते. शिवाजी महाराजांच्या मुद्रेचा अष्टकोन तेथे घेतला आहे. शब्द मात्र एकही घेतलेला नाही, त्याऐवजी वरुणाची प्रार्थना आहे. तोडणे, आकार घेणे आणि चौकट भरणे या तीन रीतींपैकी महाराष्ट्राने निवडलेली तिसरी रीत सर्वांत अवघड, कारण तीत जुन्या वाक्याच्या आत शिरून बोलावे लागते.

मुद्रेची भाषा संस्कृत आणि राज्याची भाषा मराठी, याविषयी अधूनमधून तक्रार ऐकू येते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा असून कारभार मराठीत चालावा हे त्याचे सूत्र आहे. मग माथ्यावरचा श्लोक का समजू नये, असा तिचा रोख असतो. पण महाराजांच्या पत्रांची रचनाही अशीच होती. माथ्यावर संस्कृत मुद्रा, मायन्यात अरबी शुहूर सन, आणि मजकूर फारसी शब्दांनी भरलेल्या मराठीत. तीन भाषांची कामे वाटून दिलेली होती. त्या रचनेत आणखी एक अंग होते, ज्याचा आज विसर पडला आहे. पत्राच्या शेवटी दुसरी, लहान मुद्रा उमटवली जाई आणि तीत ‘मर्यादा’ हा शब्द होता: ही मर्यादा शोभते, असे तिचे म्हणणे. आणि तेथेही दर्शक सर्वनाम होते, ‘इयम्’. तिच्याखाली कोणी ओळ वाढवू नये हा तिचा व्यावहारिक उपयोग. शिक्का वर, मोर्तब खाली. दोन्ही मिळून पत्र पुरे होई, आणि ‘शिक्कामोर्तब’ हा जोडशब्द मराठीत त्यातूनच आला. राज्याने मुद्रा घेतली, मोर्तब घेतले नाही.

त्याची जागा आज शासननिर्णयाच्या तळाशी येणाऱ्या एका ठरीव वाक्याने घेतली आहे: महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने. त्याखाली अधिकाऱ्याची सही, तिच्याखाली त्याचे नाव आणि पद. माथ्यावरील श्लोकातून जी व्यक्ती व जे ‘एषा’ गेले, ते मराठी गद्यात, षष्ठीचाच प्रत्यय घेऊन, कागदाच्या या टोकाला परत आलेले दिसते. मात्र ज्याच्या नावाने आदेश निघतो तो तेथे केवळ पदाने ओळखला जातो आणि ज्याचे नाव छापले जाते तो दुसऱ्याच कोणाच्या नावाने सही करीत असतो.